तुरुंगातून सुटलेल्यांची धूम्रपानमुक्ती : पहिले तीन आठवडे



तुरुंगातून सुटून घरी परतलेल्या माणसापुढे प्रश्नांची रांग उभी असते. राहायचे कोठे, काम कोण देणार, शेजारीपाजारी काय म्हणतील, मुले जवळ येतील की बुजतील, न्यायालयाच्या पुढील तारखेसाठी पैसे कोठून आणायचे, हे ते प्रश्न. अशा वेळी त्याच्या हातातील विडी-सिगारेटचा विचार करणे अनेकांना अनाठायी वाटते. ‘‘बिचाऱ्याने एवढे सोसले आहे, आता एक विडी ओढली तर काय बिघडले?’’ असे घरची माणसेही म्हणतात. या बोलण्यात माया असते, यात शंका नाही. परंतु त्या मायेपोटी त्या माणसाने महिनोन्‌महिने कमावलेले आरोग्य आपण एका काडीने पेटवून देत असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

जगातील अनेक देशांतील तुरुंगांत आज धूम्रपानास बंदी आहे. तेथे असेपर्यंत कैदी धुरापासून दूर राहतो आणि दाराबाहेर पाऊल टाकताच बहुधा पुन्हा त्याच वाटेला लागतो. असे का होते, ते टाळण्यासाठी काय करता येते आणि आपल्यासारख्या सामान्य भाविकांचा त्यात वाटा कोणता, हे या लेखात समजून घेण्याचा प्रयत्न आहे.

सक्तीची मुक्ती आणि मनाची मुक्ती

न्यूझीलंडने 1 जुलै 2011 पासून देशातील सर्व तुरुंग धूम्रपानमुक्त केले. इंग्लंड व वेल्समधील बंदिस्त तुरुंगांत ही बंदी टप्प्याटप्प्याने आणली गेली व 2018 पर्यंत ती पूर्ण झाली. स्कॉटलंडमध्ये 30 नोव्हेंबर 2018 रोजी ती लागू झाली. त्यानंतर तेथील तुरुंगांच्या हवेतील सूक्ष्म धूलिकण सुमारे 80 टक्क्यांनी घटले, असे मोजमापात आढळले. अमेरिकेतील अनेक राज्यांनी तर याहून कितीतरी आधी हे पाऊल उचलले होते.

या बंदीचा लाभ केवळ हवेपुरता नाही. अमेरिकेतील राज्यांच्या तुरुंगांतील मृत्यूंचा अभ्यास 2014 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या तुरुंगांत धूम्रपानबंदी होती तेथे धूम्रपानाशी निगडित रोगांनी होणारे मृत्यू सुमारे 9 टक्क्यांनी कमी होते आणि बंदीला 9 वर्षांहून अधिक काळ लोटला होता तेथे ही घट सुमारे 11 टक्के होती. म्हणजे बंदीमुळे माणसे वाचतात, हे खरे.

मात्र बंदी हा नियम आहे, निश्चय नव्हे. तुरुंगात सिगारेट न ओढणारा कैदी तेथे रात्री नऊ वाजता घराबाहेरही पडत नाही. पण म्हणून सुटल्यावर तो रात्री लवकर घरी येईल असे आपण मानत नाही. जी गोष्ट दुसऱ्याने थांबवली, ती त्या दुसऱ्याचा हात निघताच पुन्हा सुरू होते. धूम्रपान बंद पडणे आणि धूम्रपान सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली तुरुंगाच्या अधिकाऱ्याला करता येते. दुसरी त्या माणसालाच करावी लागते आणि ती करताना त्याला सोबत लागते. या संपूर्ण विषयाचे मर्म या एका भेदात आहे.

ऱ्होड आयलंडमधील प्रयोग

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य. तेथील तुरुंग पूर्णपणे तंबाखूमुक्त आहेत. डॉ. जेनिफर क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तुरुंगांतील कैद्यांसाठी एक उपक्रम हाती घेतला. तुरुंगात येण्यापूर्वी धूम्रपान करणारे आणि लवकरच सुटणार असलेले स्त्री-पुरुष कैदी त्यात सहभागी झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला आरोग्यविषयक चित्रफिती दाखवण्यात आल्या. दुसऱ्या गटातील प्रत्येकाशी सुटकेपूर्वीच्या आठवड्यांत सहा वेळा एकट्याने संवाद साधण्यात आला आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत दोनदा दूरध्वनी करून विचारपूस करण्यात आली. निष्कर्ष 2013 साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सुटकेनंतर तीन आठवड्यांनी काय दिसले? ज्यांच्याशी संवाद साधला होता अशा 122 जणांपैकी 31 जण, म्हणजे सुमारे 25 टक्के, एकदाही धूम्रपान न करता राहिले होते. चित्रफिती पाहिलेल्या 125 जणांपैकी असे केवळ 9 जण होते; म्हणजे सुमारे 7 टक्के. तीन महिन्यांनंतर हेच प्रमाण पहिल्या गटात 12 टक्के आणि दुसऱ्या गटात 2 टक्के होते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. सहा भेटी आणि दोन दूरध्वनी एवढ्या अल्प खर्चात टिकून राहणाऱ्यांची संख्या तीन पटींहून अधिक झाली, ही आशेची बाजू. परंतु साहाय्य मिळालेल्या चारांपैकी तीन जण तीन आठवड्यांच्या आतच पुन्हा धूम्रपानाकडे वळले आणि पुढील दोन महिन्यांत उरलेल्यांतील निम्मेही ढळले, ही दुसरी बाजू. तुरुंगाच्या आतील साहाय्याने उंबरठा ओलांडता येतो. पुढची वाट चालण्यासाठी बाहेरही कोणीतरी हवे, असा या आकड्यांचा अर्थ आहे. दोन दूरध्वनींनंतर त्या माणसाला विचारणारे कोण होते? बहुतेकांच्या बाबतीत कोणीच नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक बाब आढळली. सुटल्यावरही धूम्रपानापासून दूर राहायचे, असा बेत ज्यांनी आतच असताना केला होता, ते टिकून राहण्याची शक्यता अधिक होती. सुटकेच्या दिवशी दारात उभे राहून करायचा हा निर्णय नव्हे. तो आधीच झालेला असावा लागतो.

ओढ पुन्हा का लागते?

तंबाखूच्या धुरातील निकोटीन अवघ्या दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. त्याची सवय झालेल्या माणसाने ते थांबवले की चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे, लक्ष न लागणे, भूक वाढणे असा त्रास सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तो सर्वाधिक असतो आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे धूम्रपानबंदी असलेल्या तुरुंगात सहा महिने किंवा वर्षभर राहिलेल्या माणसाच्या शरीराची निकोटीनची मागणी कधीच संपलेली असते.

मग विडी पुन्हा हातात येते कशी? कारण शरीर विसरते, पण आठवण विसरत नाही. चहाची टपरी, जेवणानंतरचा निवांत क्षण, रेल्वे फलाटाचे टोक, जुन्या मित्राचा आवाज, घरातील भांडण, रोजंदारी न मिळालेली सकाळ अशा प्रसंगांशी विडीची गाठ वर्षानुवर्षे बांधलेली असते. तुरुंगात हे प्रसंग नसतात म्हणून ओढही जाणवत नाही. ‘माझे सुटले आहे’ असा त्या माणसाचा प्रामाणिक समज होतो. बाहेर येताच एकाच दिवसात हे सारे प्रसंग एकदम समोर उभे राहतात आणि तो बेसावध असतो.

त्यातच आपल्या समाजात विडी पुढे करणे ही दोस्तीची खूण आहे. ज्याच्याकडे लोक पाठ फिरवतात, त्याच्यापुढे एखादा जुना सोबती सिगारेटचे पाकीट धरतो, तेव्हा ती केवळ सिगारेट नसते. ‘तू आमचाच आहेस’ असे त्याला सांगितलेले असते. असे सांगणारे दुसरे कोणी नसेल, तर ती सिगारेट नाकारणे फार जड जाते. म्हणूनच स्वागत कोण करतो आणि कशाने करतो, याला येथे आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

‘एवढे तरी सुख मिळू द्या’

ही भावना समजण्यासारखी आहे. तथापि हिशेब मांडून पाहावा. धूम्रपान थांबल्यावर साधारण 12 तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे प्रमाण पूर्ववत होते. वर्षभरात धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपान सुरू ठेवणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्मा होतो. म्हणजे धूरमुक्त तुरुंगातून वर्षभराने सुटलेला माणूस रिकाम्या हाताने घरी येत नाही. हातात पैसा नसला, तरी त्याच्या हृदयाने वर्षभर साठवलेली पुंजी त्याच्याजवळ असते. तुरुंगातील त्या काळाने त्याला दिलेली कदाचित ही एकमेव चांगली गोष्ट असेल. ती त्याच्या हातून जाऊ न देणे, हेच खरे सुख देणे नव्हे काय?

आणखी दोन कारणे आहेत व ती फारशी बोलली जात नाहीत. पहिले क्षयरोगाचे. गर्दीच्या तुरुंगांत क्षयाचा प्रादुर्भाव बाहेरच्यापेक्षा अधिक असतो आणि धूम्रपानामुळे क्षय होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. सुटून आलेल्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयात ती व औषधोपचार विनामूल्य होतात.

दुसरे कारण मनोविकारावरील औषधांचे. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृत क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी औषधे अधिक वेगाने निकामी करते. धूरमुक्त तुरुंगात असताना ठरवलेली मात्रा सुटल्यावर पुन्हा धूम्रपान सुरू होताच अपुरी पडू शकते आणि आजार उलटू शकतो. घरच्यांना वाटते की औषध लागू पडेनासे झाले. अशी औषधे घेणाऱ्या व्यक्तीने धूम्रपान पुन्हा सुरू केले किंवा सोडले, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. मात्रा आपल्या मनाने कमी-जास्त करू नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत 12.7 पट होता आणि त्यात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू आघाडीवर होते. म्हणून सुटून आलेल्या व्यक्तीला मद्य किंवा अमली पदार्थांचे व्यसन असेल, तर त्यावरील उपचारांना विलंब होता कामा नये. धूम्रपानाविषयीची मदत त्या उपचारांच्या जोडीने द्यायची आहे, त्यांच्याऐवजी नव्हे.

बोलावे कसे?

ऱ्होड आयलंडमधील भेटींत जी संवादपद्धती वापरली गेली तिचे मूळ तत्त्व साधे आहे : उपदेश कमी, विचारणे अधिक. माणसाला स्वतःच्या तोंडून निघालेले कारण दुसऱ्याने सांगितलेल्या दहा कारणांपेक्षा अधिक बांधून ठेवते. ‘‘तू विडी ओढू नकोस, कॅन्सर होईल’’ हे त्याने शंभर वेळा ऐकलेले असते. त्याऐवजी ‘‘दादा, आत असताना इतके महिने विडीशिवाय राहिलात, त्याचा काही फरक जाणवला का?’’ असे विचारून पाहावे. ‘‘जिना चढताना आता दम लागत नाही’’ किंवा ‘‘खोकला गेला’’ असे उत्तर आले, तर तेच पुढील संभाषणाचे बीज होय. ‘‘मग घरी गेल्यावर हे टिकावे असे वाटते का?’’ हा दुसरा प्रश्न. उत्तर ‘‘नाही’’ असे आले, तरी रागावू नये. पुढच्या भेटीत पुन्हा विचारता येते.

त्याच्याविषयी काही गृहीतही धरू नये. बंदी असतानाही चोरून आलेली तंबाखू काही तुरुंगांत मिळते. ‘तुम्ही सोडलेच असेल’ असे म्हणण्यापेक्षा ‘‘सध्या कसे चालले आहे?’’ असे मोकळे विचारणे बरे.

या धर्तीवर तुरुंगभेटींसाठी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना सहा भेटींची आखणी करता येईल. पहिल्या भेटीत केवळ ऐकावे : विडी केव्हा लागली, कशासाठी ओढत होतात, आता काय वाटते. दुसऱ्या भेटीत न ओढण्याची त्याची स्वतःची कारणे त्याच्याच शब्दांत लिहून काढावीत. तिसऱ्या भेटीत धोक्याचे प्रसंग शोधावेत : कोणती व्यक्ती, कोणती जागा, कोणती वेळ. चौथ्या भेटीत प्रत्येक प्रसंगाला एकेक उत्तर ठरवावे आणि ‘‘नको रे, माझी सुटली आहे’’ हे वाक्य चार वेळा मोठ्याने म्हणून पाहावे. हे हास्यास्पद वाटेल. पण जे वाक्य जिभेवर बसलेले असते तेच ऐन वेळी बाहेर पडते. पाचव्या भेटीत सुटकेचा दिवस तासातासाने आखावा : दारात घ्यायला कोण येणार, प्रवास कसा होणार, चहा कोठे घेणार, संध्याकाळ कोणासोबत जाणार. सहाव्या भेटीत बाहेर गेल्यावर कोणाला फोन करायचा त्याचे नाव व क्रमांक त्याच्या हाती द्यावा आणि त्या व्यक्तीलाही तसे कळवून ठेवावे.

ओढ लागलीच तर काय करायचे, हेही आधीच शिकवून ठेवावे. तीव्र ओढ काही मिनिटांतच ओसरू लागते. तेवढी वेळ टळली की झाले. घटकाभर थांबणे, खोल श्वास घेणे, सावकाश पाणी पिणे आणि दुसऱ्या एखाद्या कामात हात घालणे, हे चार उपाय कोठेही करता येतात व त्यांना पैसा लागत नाही.

घसरण म्हणजे पराभव नव्हे

पुष्कळजण पहिल्या काही दिवसांत एखादी विडी ओढतील, हे धरूनच चालावे. खरा घात त्या एका विडीने होत नाही, तर तिच्यानंतरच्या विचाराने होतो : ‘आता मोडलेच आहे, तर मोडू दे.’ एका विडीपासून पुन्हा पूर्वीच्या कट्ट्यापर्यंतचा प्रवास या विचाराने होतो. ज्याला आयुष्यात वारंवार ‘तू बिघडलेलाच आहेस’ असे ऐकावे लागले आहे, त्याला हा विचार फार लवकर पटतो.

म्हणून सोबत्याने आधीच सांगून ठेवावे : ‘‘चुकून ओढलीत, तर त्याच दिवशी मला फोन करा. मी ओरडणार नाही.’’ आणि फोन आल्यावर खरोखरच ओरडू नये. ती विडी कोठे, कोणासोबत, कशामुळे ओढली एवढे विचारावे, त्या प्रसंगावर नवे उत्तर शोधावे आणि पुढे चालावे. रोजचे ओढणे पुन्हा सुरू झाले असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निकोटीनचे च्युइंगम व धूम्रपान सोडण्यासाठीची इतर औषधे उपलब्ध आहेत. ती कोणाला व किती द्यावीत हे डॉक्टर ठरवतात. भारत सरकारची राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या निःशुल्क क्रमांकावर 2016 पासून समुपदेशन देत आहे. हा क्रमांक सुटणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात असावा.

आपल्याकडील परिस्थिती

ऱ्होड आयलंडचा धडा आपल्याकडे आणताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली : सुटकेची तारीख. तेथील भेटी सुटकेचा दिवस साधारण ठाऊक आहे असे धरून आखल्या होत्या. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 च्या अखेरीस तुरुंगांत 5,73,220 व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी 4,34,302 जण, म्हणजे चारांतील तीन, कच्चे कैदी होते; त्यांचे खटले अद्याप निकाली निघालेले नव्हते. अशा व्यक्तीचा जामीन केव्हा होईल हे कोणालाच ठाऊक नसते. सकाळी न्यायालयात गेलेल्याची सुटका एकदोन दिवसांतच होऊ शकते. त्यामुळे ‘सुटकेच्या आधी दोन महिने’ अशी वाट पाहत बसणे येथे चालणार नाही. पहिल्या भेटीपासूनच तयारी सुरू करावी आणि फोन क्रमांक सहाव्या भेटीत नव्हे, तर पहिल्याच भेटीत द्यावा. शिवाय तुरुंगात तंबाखूवर बंदी कितपत पाळली जाते यातही ठिकठिकाणी फरक आहे. जो आत ओढत होता त्याच्यासाठी ही मदत ‘टिकवण्याची’ नसून ‘सोडण्याची’ ठरेल.

दुसरी : धुराविना तंबाखू. 2016-17 साली झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर तंबाखू चघळणारे वा अन्य प्रकारे तोंडात ठेवणारे 24.4 टक्के. विडी सोडलेला माणूस तंबाखू-चुन्याकडे, गुटख्याकडे किंवा मशेरीकडे वळला, तर फुप्फुसाला दिलासा मिळेल. पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका समोर उभा राहील. त्यामुळे आपल्याकडे ‘विडी सुटली का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘तंबाखू सुटली का?’ असे विचारावे लागते.

तिसरी : ई-सिगारेट. ब्रिटनमधील तुरुंगांत बंदी आणताना कैद्यांना ई-सिगारेट वापरण्याची मुभा देण्यात आली. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात व विक्री यांवर बंदी आहे. तो मार्ग आपल्याकडे नाही. संवाद, सोबत आणि वैद्यकीय सल्ला हीच आपली साधने.

धर्मग्रामाने काय करावे?

तुरुंगातील माणसाची भेट घेणे हे दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक आहे आणि संत मत्तयच्या शुभवर्तमानातील 25 व्या अध्यायात प्रभू येशूने ती भेट स्वतःचीच मानली आहे. प्रिझन मिनिस्ट्री इंडियाचे स्वयंसेवक देशभरातील तुरुंगांत ही सेवा करीत आहेत. मात्र भेट तुरुंगाच्या दाराशी संपते आणि ज्या दिवशी खरी कसोटी सुरू होते, त्याच दिवशी बहुधा आपला हात सुटतो. तुरुंगात जाणारा कार्यकर्ता आणि सुटणाऱ्याच्या गावचा धर्मग्राम यांच्यातील दुवा येथे हवा आहे.

यासाठी मोठी योजना किंवा निधी लागत नाही. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखेने किंवा लहान ख्रिस्ती समूहाने सुटून येणाऱ्या एका व्यक्तीमागे एक सोबती नेमावा. स्वतः धूम्रपान सोडलेली व्यक्ती असेल तर उत्तम. कुटुंबाची आणि त्या व्यक्तीची संमती मात्र आधी घ्यावी, कारण तुरुंगवासाची वाच्यता होणे हाच अनेकांना मोठा धाक असतो. सोबत्याने पहिल्या दिवशी भेटावे, पहिला आठवडा रोज एक फोन करावा, तिसऱ्या आठवड्यापर्यंत दिवसाआड आणि पुढे तीन महिने आठवड्यातून एकदा. फोनवर केवळ विडीचीच चौकशी करू नये. काम मिळाले का, जेवण झाले का, आई बरी आहे का, हेही विचारावे. विडी ही बहुधा या प्रश्नांच्या आडूनच येते.

घरच्यांसाठीही काही सूचना आहेत. घरात इतर कोणी धूम्रपान करीत असेल, तर निदान पहिला महिना त्याने घरात ओढू नये आणि पाकीट दृष्टीआड ठेवावे. स्वागताला जमलेल्या मित्रांना वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी आधीच सांगून ठेवावे, ‘‘त्याची सुटली आहे, त्याला देऊ नका.’’ हे वाक्य त्याला स्वतः म्हणावे लागले तर ओशाळवाणे वाटते. मामांनी किंवा थोरल्या भावाने म्हटले तर त्याची बाजू राखली जाते. सुरुवातीच्या दिवसांत तो चिडचिड करील. त्याचे खापर त्याच्या स्वभावावर फोडू नये.

धर्मग्रामाच्या आवारापासूनही सुरुवात करता येईल. 2 ऑक्टोबर 2008 पासून देशात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. तरीही लग्न-बारशाच्या दिवशी सभागृहाच्या मागच्या बाजूस काय चालते, हे आपण सारे जाणतो. पोप फ्रान्सिस यांनी 2018 पासून व्हॅटिकनमधील सिगारेटविक्री थांबवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यातून मिळणाऱ्या मोठ्या उत्पन्नावर त्यांनी पाणी सोडले. आपल्याला तर उत्पन्नाचा त्यागही करावयाचा नाही. तुरुंगातून परतलेला आपला बंधू अनेक दिवसांनी पहिल्यांदा मिस्सेला येईल, बुजत बुजत आवाराच्या कडेला उभा राहील, तेव्हा तेथे त्याच्यापुढे सिगारेटचे पाकीट धरणारा हात पहिला पोहोचू नये, एवढे तरी आपण पाहू शकतो.

ऱ्होड आयलंडच्या तुरुंगांत सहा भेटी आणि दोन फोन एवढ्यावर 122 पैकी 31 माणसे पहिले तीन आठवडे टिकली. त्यांच्याजवळ तिसरा फोन करणारा कोणी असता, तर ती संख्या किती झाली असती हे सांगता येत नाही. आपल्या धर्मग्रामात तो तिसरा फोन कोण करणार, एवढे मात्र येत्या रविवारी मिस्सेनंतर एकत्र बसून आपल्याला ठरवता येईल.